बियाण्याला राखलेलं वांगं

काठी पहिल्यांदा पडली ती टिटवीच्या पाठीवर, दुसऱ्यांदा मनगटावर. दोन्ही आवाज डेंटरने मोरीतून ऐकले. गॅरेजात गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकतो म्हणून सगळे त्याला डेंटर म्हणत; तिथून नुकताच येऊन तो हातांचा रंग रॉकेलने काढत होता. काठी अंगावर पडली की कसा आवाज येतो, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. गादीवर पडलेली काठी वेगळी वाजते, भिंतीवर पडलेली वेगळी. हातातलं फडकं तिथेच टाकून तो मागच्या दाराने परसात धावला.

वांग्यांच्या वाफ्याशी म्हातारा, त्याचा बाप, खुर्चीवर बसला होता. दोन वर्षांपूर्वी त्याचं उजवं अंग गेलं, तोंड एका बाजूला ओघळलं, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. डावा हात तेवढा शाबूत राहिला, आणि सगळ्या देहातला जोर त्या एका हातात जाऊन बसला. त्याच्या पायाशी डेंटरची नऊ वर्षांची मुलगी गुडघ्यांत डोकं खुपसून बसली होती. आवाज बारीक आणि तोंड अखंड चालू, म्हणून तिचं नाव टिटवी पडलेलं. आता मात्र तिच्या तोंडून अवाक्षर फुटत नव्हतं. मुठीत अंड्याएवढं वांगं होतं, पांढऱ्याचं पिवळं होऊ लागलेलं, देठाला लाल दोरा बांधलेलं. लाल दोरा म्हणजे बियाण्याला राखलेलं. त्याला हात लावायचा नाही, हे त्या घरात मांजरालासुद्धा ठाऊक होतं.

म्हाताऱ्याने काठी पुन्हा उचलली.

"अण्णा, खाली करा ती," डेंटर म्हणाला.

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काठी टिटवीच्या कानशिलावर आली.

ही पांढरी वांगी म्हाताऱ्याच्या आईची. बाई सगळं सोडून या गावात आली तेव्हा अंगावरचे कपडे आणि पदराच्या टोकाला बांधलेलं चिमूटभर बी, एवढंच तिच्यापाशी होतं असं म्हणत. खरं-खोटं देव जाणे. पण असली वांगी आसपास दुसऱ्या कुणाकडे नव्हती हे खरं. कोंबडीच्या अंड्यासारखी गुळगुळीत, आणि देठाला असे काटे की तोडणाऱ्याचं बोट फुटलंच पाहिजे. शेजारीण म्हणायची, तुमच्याकडे बरं आहे, कोंबडी पाळायला नको आणि अंडी रोज ताजी. म्हातारा त्यावर हसायचा. शेजाऱ्यांशी, वाण्याशी, टपालवाल्याशी तो हसून बोलायचा. गिरणीत बॉयलरवर आयुष्य काढलेला हा माणूस रोज सकाळी रोपांपुढे उकिडवा बसून एकेका पानाची खालची बाजू उलटून पाहायचा. अळ्या बोटांनी वेचायचा. ऊन तापलं की घरातली चादर ओढून आणायचा आणि वाफ्यावर धरायचा. शेजारच्याने कुंपणाला लागून जांभळी वांगी लावली, तर फुलांची सरमिसळ होऊन आपलं वाण बिघडेल म्हणून त्याने ती रातोरात उपटली आणि सकाळी वर त्याच्याशीच भांडला.

आणि त्याच हातांनी घरात तो मारायचा. बायकोला मारायचा, मुलाला मारायचा. मशीनच्या पट्ट्याचा हातभर तुकडा दारामागे खिळ्याला टांगलेला असे. मुलाची पाठ कधी कोरी राहिली नाही. डेंटरच्या आईने तक्रार म्हणून कधी केली नाही. ती मुकाट्याने झिजली आणि मुकाट्याने गेली. मुलगा मोठा झाला, ठोकपिटीच्या कामात गाडीचा चेपलेला पत्रा आतून हलके हलके ठोकून सरळ करायला शिकला, लग्न केलं, आणि बापाला ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून बापासकट संसार केला. बापाचं अंग गेल्यावर वांग्यांचं सगळं त्याच्यावरच आलं. पाणी घालायला उशीर झाला की म्हातारा जेवत नसे, ताट लोटून द्यायचा. डेंटर पाणी घालायचा. स्वतःशी म्हणायचा, किती दिवस राहिलेत आता.

तिसरा वार झाला तसा टिटवीच्या कानातून रक्ताची बारीक धार गालावर आली.

त्यानंतर काय झालं ते डेंटरला नीट सलग कधीच आठवलं नाही. काठी म्हाताऱ्याच्या हातातून आपल्या हातात कशी आली हे आठवत नाही. ती आपल्या हातात होती, एवढं आठवतं. पहिला फटका त्याने त्या शाबूत हातावर मारला. हाड मोडल्याचा आवाज झाला, वाळकी फांदी गुडघ्यावर मोडावी तसा. म्हातारा खुर्चीसकट कलंडला. डेंटरने त्याच्या बरगड्यांवर मारलं, मांड्यांवर मारलं, लुळ्या पायावर मारलं, जिथे त्याला लागत नव्हतं तिथेही मारलं. काठी मोडली तेव्हा लाथ मारली. म्हातारा ओरडत नव्हता. प्रत्येक फटक्यासरशी त्याच्या छातीतून हवा तेवढी बाहेर पडत होती.

बायको शिवणाच्या मशीनवरून उठून धावत आली. तिने मागून त्याच्या कमरेला मिठी घातली. त्याने कोपर झटकलं तशी ती कपडे धुवायच्या दगडावर जाऊन आपटली. तिच्याकडे वळून पाहायचंही त्याला भान नव्हतं. म्हाताऱ्याचं तोंड मातीत होतं, कपाळ फुटलं होतं, पण डोळे उघडे होते, आणि ते वाफ्याकडे लागले होते. ते पाहिलं आणि डेंटर वाफ्यात शिरला.

रोपं कमरेएवढी झालेली, फळांनी लगडलेली. त्याने ती एकेक करून मुळासकट उपटली. निघाली नाहीत ती बुडातून मोडली. वांगी पायाखाली चेचली. काट्यांनी तळहातांची चाळण झाली, रॉकेल त्या जखमांत उतरलं, आणि त्या आगीने त्याचा राग आणखीच पेटला. म्हातारा तेव्हा कुठे ओरडला. हात मोडताना ओरडला नव्हता, तो आता ओरडला. एकच लांब, घोगरा आवाज.

शेवटचं रोप हातात घेऊन डेंटर वळला तेव्हा समोर टिटवी उभी होती. भिंतीला पाठ लावून, दोन्ही पाय जुळवून. सुजलेला हात तिने पुढे केला होता आणि त्यात ते वांगं होतं. ती ते त्याला देत होती.

"बाबा, मी तोडलं नाही," ती म्हणाली. "खाली पडलं होतं. मी आजोबांना द्यायला चालले होते. खरंच."

आधी त्याला कळलंच नाही की ती हे आपल्याला का सांगते आहे. कळलं तेव्हा हातातलं रोप त्याने खाली टाकलं. तो एक पाऊल पुढे आला तशी ती डोळे मिटून भिंतीला आणखी चिकटली.

शेजारच्या रिक्षातून सगळे दवाखान्यात गेले. टिटवीच्या मनगटाचं हाड चिरलं होतं. प्लास्टर घालायच्या आधी नर्सने तिची मूठ उघडली, आतलं वांगं काढलं आणि कचऱ्याच्या बादलीत टाकलं. बायकोच्या दंडाला टाके पडले. म्हाताऱ्याचा हात दोन जागी मोडला होता, बरगड्या गेल्या होत्या. डॉक्टर तरुण होता. तिघांकडे पाहून त्याला जे समजायचं ते समजलं असावं. तरी त्याने म्हाताऱ्याच्या कानाशी वाकून विचारलं, "आजोबा, हे कुणी केलं?"

म्हाताऱ्याने बराच वेळ ओठ हलवले. मग एक शब्द काढला. "पडलो."

पडद्यापलीकडे उभ्या असलेल्या डेंटरने तो शब्द ऐकला. तो दहा वर्षांचा होता तेव्हा त्याच्या चेंडूने एक रोप मोडलं होतं. बापाने पट्टा घेतला, मग पट्टा टाकून हात पिरगळला, कोपरापाशी काहीतरी निखळलं. बापाने त्याला तसंच ओट्यावर बसवलं आणि आधी मोडक्या रोपाला काडीचा आधार देऊन चिंधीने हळुवार बांधलं. मग हात धुतले आणि मुलाला दवाखान्यात नेलं. वाटेत एवढंच म्हणाला, "पडलो म्हण." मुलगा पडलो म्हणाला. त्या दिवशी घरी परतताना बापाने त्याला खांद्यावर घेतलं होतं. त्या खांद्यावर बसून त्याला किती सुख वाटलं होतं, याची लाज डेंटरला आजतागायत वाटत होती.

त्याने पडदा बाजूला केला.

"ते पडले नाहीत," तो डॉक्टरला म्हणाला. "मी मारलं. बायकोलाही माझ्यामुळेच लागलं. मुलीला मात्र त्यांनी मारलं."

डॉक्टरने पोलिसांना बोलावलं. हवालदार येईपर्यंत डेंटर बाकावर बसून राहिला. बायको शेजारी येऊन बसली, दोघांमध्ये एका माणसाची जागा सोडून.

"मामंजींना मारलंत त्याचं मला काही वाटत नाही," ती म्हणाली. "तुम्ही आला नसतात तर मीच मारलं असतं. पण आत्ता टिटवी मला काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, बाबांना कशाकशाचा राग येतो ते मला सांगून ठेव, म्हणजे मी ते करणार नाही."

डेंटरने तळहातात रुतलेला एक काटा उपटून काढला.

"मी तिला ताईकडे घेऊन जाते," बायको म्हणाली. तो नको म्हणाला नाही.

दोन दिवस त्याने कोठडीत काढले. गॅरेजच्या मालकाने जामीन दिला. खटला उभा राहिलाच नाही, कारण बायकोने तक्रार दिली नाही, आणि पोलीस जेव्हा जेव्हा जबाब घ्यायला गेले तेव्हा तेव्हा म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. डेंटरला वाटलं होतं, आपण खरं बोललो म्हणजे त्याचं काहीतरी होईल. निदान कुणीतरी शिक्षा देईल. कुणी दिली नाही. मालक तर म्हणाला, बाप होता म्हणून काय झालं, पोरीवर हात उगारला ना त्याने, मीही तेच केलं असतं. गल्लीतल्या लोकांनीही हेच म्हटलं, काहींनी पाठ थोपटली. डेंटरला ते ऐकवत नसे. तो पत्र्यावर हातोडी जोरात चालवायचा आणि लोक निघून जायचे.

महिन्याभराने म्हातारा घरी आला. आता दोन्ही हात निकामी. डेंटर त्याला भरवायचा, पुसायचा, कुशीवर वळवायचा. घरात ते दोघेच. म्हातारा खिडकीतून परसाकडे बघत राहायचा आणि मधूनच म्हणायचा, "बी." डेंटरने माळ्यावरची बरणी काढली. गेल्या वर्षीचं बी पेरून संपलेलं. तळाशी राखेत त्याच्याही आधीचं थोडं होतं, किडीने पोखरलेलं. त्यातलं जे धड दिसलं ते त्याने पेरलं. वाफा नीट केला, सांगितल्यासारखं सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं, वर चादरसुद्धा धरली. का धरतोय हे त्याला सांगता आलं नसतं. तण उगवलं. वांग्याचा एक कोंब आला नाही. शेजारणीला पूर्वी कधी बी दिलेलं का, म्हणून त्याने विचारून पाहिलं. ती म्हणाली, तुमच्या वडलांनी वांगी दिली हो ढिगाने, पण बी? जीव दिला असता त्यांनी, बी दिलं नसतं.

मग म्हाताऱ्याने विचारणं सोडलं. थंडीत एका दुपारी, भरवलेला घास तोंडात तसाच असताना तो गेला. डेंटरने बोट घालून तो घास बाहेर काढला, तोंड पुसलं, आणि मग लोकांना बोलावलं. बायको आली, सगळं होईपर्यंत थांबली, सासऱ्यासाठी थोडं रडलीही, आणि दुसऱ्या दिवशी परत गेली. तिने येणारच नाही असं म्हटलं नव्हतं. टिटवी म्हणेल तेव्हा, एवढंच म्हटलं होतं.

दर रविवारी डेंटर मेव्हणीच्या घरी जातो. आत या म्हटलं तरी जात नाही, बाहेर पायरीवर बसतो. बायको दारात बसून शिवणाला काजं करते आणि आठवड्याचं काय काय ते सांगते. टिटवीचा हात बरा झाला, आता ती त्याच हाताने लिहिते. डावा कान मात्र कमी ऐकतो. शाळेत तिला पहिल्या बाकावर बसवतात. तोंड पुन्हा चालू झालंय म्हणे. डेंटरला तिचा आवाज रस्त्याच्या वळणापासून ऐकू येतो. फाटक वाजलं की तो आवाज थांबतो.

गेल्या रविवारी ऊन फार होतं. तो पायरीवर बसून घाम पुसत होता. आतून टिटवी आली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता, काठोकाठ भरलेला. ती भिंतीच्या कडेने आली, पायरीच्या दुसऱ्या टोकाला तो ठेवला, आणि दोन पावलं मागे सरून उभी राहिली. या वेळी आत पळाली नाही.

डेंटरला तहान लागली होती. तांब्या हाताच्या अंतरावर होता. पण हात उचलला तर ती दचकेल, म्हणून तो तसाच बसून राहिला.