तिसरा गडगडाट

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी काही धड पत्रा नाही. मी चुकलेला पत्रा आहे. लांबीला वीतभर कमी भरलेला, आणि आता कडांना गंज चढलेला. पण माझ्या नुसत्या थरथरण्याने मोठ्या माणसांची बोबडी वळत असे, हे मात्र खरे.

माझा जन्म एका पत्र्याच्या कारागिराच्या दुकानात झाला. तिथे बादल्या, चाळण्या, पाण्याच्या टाक्या बनत आणि दिवसभर नुसती ठोकाठोक चाले. मी एका टाकीची बाजू होणार होतो. कारागीर कात्री चालवत असताना त्याची नवी नवरी जेवणाचा डबा घेऊन दारात आली. तो तिच्याकडे बघत राहिला आणि कात्री रेघ सोडून गेली.

"वीतभर आखूड झाला! आता हा काय कामाचा?" त्याने कपाळावर हात मारला.

तिने मला बाजूला ठेवायला उचलले, तसा मी तिच्या हातात वाकलो आणि असा गडगडलो, की शेजारचा पाववाला छत्री घेऊन बाहेर धावला. ती पोट धरधरून हसली. म्हणाली, "हा मला द्या. नाताळला लागेल."

त्या घरात नाताळच्या संध्याकाळी पाहुणे जमले, की दिवे मालवून भुताची गोष्ट सांगायची जुनी रीत होती. टेबलावर एकच मेणबत्ती. गोष्ट कारागीर सांगायचा आणि दरवर्षी तीच: दीपगृहाच्या मेलेल्या रखवालदाराची, जो वादळात दिवा लावायला परत येतो. तिच्यात तीन गडगडाट होते. पहिला दूर समुद्रावर, दुसरा छपरावर आणि तिसरा थेट दाराशी. मला धरून ती पडद्यामागे उभी राहायची. तिसऱ्या गडगडाटाआधी ती इतकी थांबायची, की सगळ्यांचा श्वास अडकायचा. मग एकच हिसका! मुले आयांच्या कुशीत शिरत. पाववाल्याला गोष्ट तोंडपाठ होती, तरी तो न चुकता "अगं आई गं!" म्हणून ओरडे. मग दिवे लागत, केक कापला जाई, आणि माझ्या पाठीवर कुणीतरी थाप मारून जाई. काय रुबाब होता तेव्हा माझा!

अशी चाळीस वर्षे गेली. कारागिराचे आजोबा झाले, तिची आजी झाली. जन्मभर पत्रा ठोकून आजोबांचे कान गेले. मग आजी वारली. मी कपाटामागे उभा होतो, मला कोण सांगणार? नाताळ आला आणि गेला, तरी मला कोणी बाहेर काढले नाही, तेव्हा मला कळले.

पुढच्या वर्षी आजोबांच्या मुलाने हौसेने मोठा स्पीकर आणला. त्याच्या मनात काही वाईट नव्हते. मला मात्र अंगणात लाकडांच्या ढिगावर टाकले. खिडकी उघडी होती, म्हणून सगळे ऐकू आले. आजोबांनी गोष्ट सुरू केली. स्पीकर गडगडला, पण आजोबांना तो ऐकूच आला नाही. ते गडगडाटाची वाट बघत राहिले. शेवटी अंधारात त्यांनी विचारले, "झाला का रे?"

कोणीतरी फिसकन हसले. आजोबांनी उठून दिवा लावला. "पुढच्या वर्षी गाणी ठेवा," ते म्हणाले. "माझी गोष्ट आता पुरे."

त्या वेळी माझ्यावर एक कोंबडी बसली होती. मला ओरडून सांगावेसे वाटले, की मी इथे आहे. पण पत्र्याला कोणीतरी हलवावे लागते.

वर्षभर मी ऊनपाऊस खाल्ला. घरात आजोबांचे बोलणेच कमी झाले. मग नाताळच्या आदल्या सकाळी त्यांची मुलगी, म्हणजे घरातल्या मुलांची आत्या, अंगणात आली. "ऊठ गं बाई, पत्रा हवाय," असे म्हणून तिने कोंबडीला हुसकले. रॉकेलच्या बोळ्याने माझा गंज निघेल तेवढा घासला. दुसऱ्या दिवशी तिने मला आजोबांच्या खुर्चीमागे अशा बेताने टांगले, की माझी कड खुर्चीच्या पाठीला टेकावी.

"बाबा, एकदाच सांगा ना," ती त्यांच्या कानाशी म्हणाली.

"हसं होईल, पोरी."

"मी आहे ना मागे."

आजोबांनी मन नसताना सुरुवात केली. पहिल्या गडगडाटाची जागा आली. आत्याने मला हलवले. माझी थरथर लाकडात उतरली आणि लाकडातून आजोबांच्या पाठीत. ते थबकले. मग हळूहळू ताठ बसले. त्यांचा आवाज चढला. दुसऱ्या गडगडाटाला तर ते पूर्वीसारखे हात उगारून बोलत होते! तिसऱ्याला म्हातारा पाववाला काठी टाकून ओरडला, "अगं आई गं!"

दिवे लागले. आजोबा वळले. त्यांनी माझ्यावर हात फिरवला आणि आखूड बाजूला वीत लावून पाहिली. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही. मग आत्याकडे बघून ते जरा रागानेच म्हणाले, "तिसऱ्याला घाई केलीस. तुझी आई थांबायची."

आत्याचे डोळे भरून आले. तिने त्यांच्या कानाशी तोंड नेले. "पुढच्या वर्षी थांबेन, बाबा."

"थांबच," आजोबा म्हणाले. "मी खूण करीन."

मित्रांनो, एखाद्याला ऐकू येत नाही म्हणून त्याचे बोलणे बंद पाडू नका. त्याच्या जरा जवळ सरका. आणि कृपा करून मला पुन्हा लाकडांवर टाकू नका. पुढच्या नाताळला मला काम आहे.