साडूभाऊंचं निवांत गाव

साडूभाऊ निवृत्त होऊन या परक्या मुलखातल्या गावात राहायला आले आणि त्यांची घाईच संपली. दुपारी अंगणात खुर्ची टाकायची, गावची लाल वाइन ओतायची आणि मायदेशी फोटो पाठवायचे: 'इथे घड्याळ लागतच नाही.' कसं लागेल? घड्याळ लावून राबायला मी आणि आमचा मेहुणा होतो ना! त्यांच्याच शब्दावर इथल्या वाइन कारखान्यात टाक्या धुवायला आलेलो.

द्राक्षाचा रस आंबला की टाकीच्या तळाशी जीवघेणा वायू साचतो. दिसत नाही. म्हणून आधी दोरीने पेटती मेणबत्ती खाली सोडायची. ती विझली तर माणसाने उतरायचं नाही. मेहुणा म्हणायचा, "दाजी, आधी हिचा जीव, मग आपला."

त्या दिवशी मालकाकडे पाहुणे होते. त्यांच्यात साडूभाऊही, हातात ग्लास घेऊन. मेहुण्याने मेणबत्ती काढली तसा मालक खेकसला, "राहू दे ती नाटकं, उतर लवकर!" मी मागच्या अंगणात पाइप धूत होतो. हे मला साडूभाऊंनीच सांगितलं, दवाखान्यात, ढसाढसा रडत.

टाकीच्या तळाशी बेशुद्ध पडलेला मेहुणा वाचला, पण तो दिवस त्याच्या डोक्यातून पुसला गेला. मालकाने लिहून दिलं, गडी आपल्या मनाने उतरला. चौकशीत तेच खरं ठरलं तर नोकरी जाणार आणि देशही सोडावा लागणार.

मी साडूभाऊंच्या अंगणात गेलो. "दवाखान्यात जे सांगितलंत, तेवढंच उद्या सांगा."

त्यांनी ग्लास उजेडात धरला. "हे बघ, लहान गाव आहे. सगळ्यांशी जमवून घ्यावं लागतं."

"तुमच्या बायकोचा सख्खा भाऊ आहे तो."

"म्हणून तर येतोय ना! बस, थोडी घे. झकास मुरलीय."

"तिची टाकी आम्हीच धुतली होती," मी म्हणालो आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून आले. अधिकाऱ्यासमोर, इथल्या भाषेत, अस्खलित बोलले, "मी वाइन चाखत होतो. तिकडे लक्ष नव्हतं." अधिकाऱ्याने लिहून घेतलं. मेहुण्याला ती भाषा कामापुरतीच येते. बाहेर आल्यावर त्याने त्यांचे दोन्ही हात धरले.

"दाजी, तुम्ही माझ्यासाठी बोललात. आपलं माणूस ते आपलं माणूस."

साडूभाऊंनी त्याची पाठ थोपटली. थोपटली! माझं डोकंच सटकलं. मालकाचं खेकसणं, दवाखान्यातलं रडणं, आत्ताचं आतलं वाक्य, सगळं मेहुण्याला तिथेच सांगून टाकलं.

"अरे, हळू," साडूभाऊ इकडेतिकडे बघत म्हणाले, "लोक ऐकतायत."

आपली भाषा कळणारे तिथे आम्ही तिघेच होतो. मेहुण्याने त्यांचे हात सोडले.