वाटेवरचा वाकडा फराटा

आमच्या दारापासून फाटकापर्यंत वीस पावलं. म्हणजे माझी वीस. आमच्या ह्यांची पूर्वी पंधरात व्हायची. मग खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ती पंधरा पावलं म्हणजे परदेश झाला. वाट उताराची, वर सगळी खडी. वॉकरचा पाय खडीत रुतला की हे थांबायचे, माघारी वळायचे आणि खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसायचे. असे आठ महिने. डॉक्टरांनी बजावलं होतं, चालले नाहीत तर पाय कायमचा आखडेल. ज्या माणसाने तीस वर्षं बस चालवली आणि नंतर रोज संध्याकाळी फाटकाला टेकून अख्ख्या गल्लीची विचारपूस केली, तो पडद्याच्या फटीतून रस्त्यावरची कुत्री मोजत बसला.

तेव्हा मी ठरवलं, फाटकापर्यंत काँक्रीट टाकायचं. कारण मात्र कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला चालता यावं म्हणून टाकतेय असं म्हटलं असतं, तर समोरच्या घरातली बाई कीव करायला आली असती, आणि तिची कीव ऐकण्यापेक्षा मी खडी चावून खाल्ली असती. म्हणून थोरल्याला म्हटलं, तुझी गाडी चिखलात उभी असते, बरं दिसत नाही. तो म्हणाला, आई, तू तर माझ्या गाडीला डबडं म्हणतेस. म्हटलं, डबडं असलं तरी आमचं आहे. सूनबाई गालात हसली. तिला कळलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं कसं, हे ती ह्या घरात माझ्याकडूनच शिकलीय.

गवंडी आला तो उंच, काडीसारखा, बोलताना मान इकडची तिकडे नाही. सूनबाईने लगेच नाव ठेवलं, ओळंबा, भिंत सरळ आहे का बघायला दोरीला बांधून सोडतात तो. माणूस कामाचा होता. त्याने खडी उपसली, वीतभर खोल खणलं, धुम्मस घालून जमीन अशी ठोकली की घरातली भांडी वाजली. दोन्ही कडांना फळ्या लावल्या, सळ्यांची जाळी अंथरली. मग मला विचारलं, वरचं काम कसं हवं? मी म्हटलं, आरशासारखं. तो म्हणाला, काकू, उतार आहे, थोडं खरखरीत ठेवू या. मी म्हटलं, खरखरीतच हवं असतं तर खडीने काय घोडं मारलं होतं?

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात दोन गोष्टी होत्या. एक, वॉकर लोण्यासारखा सरकला पाहिजे. दुसरी, समोरचीने गेल्या वर्षी तिच्या वाटेवर चकचकीत फरशी बसवली होती आणि तेव्हापासून ती नाकाने कांदे सोलत होती. ओळंब्याने एकदा घराच्या पायरीकडे पाहिलं. वॉकर तिथेच टेकवून ठेवलेला होता. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि गप्प बसला. माझ्या तोंडाकडे पाहिलं की पुष्कळ लोक गप्प बसतात.

काँक्रीटचा ट्रक आला आणि फाटकाशीच अडला. ड्रायव्हर नवखा होता. एकदा फाटकाच्या खांबाला लागता लागता राहिला, एकदा माझ्या जास्वंदीला. थोरला हात हलवून काहीतरी दाखवत होता, ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं. तेवढ्यात खिडकीच्या गजावर काठी वाजली. एक ठोका. ट्रक थांबला. मग दोन ठोके. ट्रक हळूच मागे सरकला. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, बसच्या घंटीसारखं. हे खुर्चीतून अर्धे उठले होते. चार ठोक्यांत त्यांनी ते ट्रकचं धूड बरोबर जागेवर आणलं. ड्रायव्हरने खिडकीकडे बघून कपाळाला हात लावला. आठ महिन्यांत ह्यांच्या चेहऱ्यावर रंग आलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि डोळ्यांत सिमेंट गेलं म्हणून मी आत निघून गेले.

दुपारपर्यंत काँक्रीट पसरून झालं. त्याच्यावर आलेलं पाणी जिरल्यावर ओळंब्याने गुडघ्याखाली फळी घेऊन लोखंडी गुरमाळा फिरवला. तो फिरेल तिथे अशी चकाकी येत होती की वरचं आभाळ दिसावं. त्याचा हाताखालचा माणूस सामान घेऊन ट्रकबरोबर पुढच्या कामावर गेला. ओळंबा नळावर हत्यारं धूत बसला. मी कमरेवर हात ठेवून समोरच्या घराकडे पाहिलं.

समोरची वाटच बघत असावी. आताच धुतलेल्या आपल्या फरशीवरून ती ऐटीत खाली येऊ लागली. छान झालंय हो, असं म्हणायला तिने तोंड उघडलं, "छान" झालं, "झालंय" राहिलं, आणि पाय पुढे, बाई मागे. बसली ती थेट फाटकापर्यंत बसल्या बसल्याच आली. लागलं काही नव्हतं. उठली, साडी झटकली आणि मुद्दामच खाली बसल्यासारखं कुंडीतलं पान खुडून आत गेली.

मी इतकी हसले की दाराची चौकट धरावी लागली. हसता हसता खिडकीकडे वळले, म्हटलं ह्यांनाही मजा आली असेल. हे हसत नव्हते. आमच्या वाटेच्या त्या चकाकीकडे बघत होते.

"आणि तिचे दोन्ही पाय धड आहेत," हे म्हणाले.

एवढंच. पण माझं हसू जागच्या जागी सुकलं. हे काँक्रीट वाळलं की हा माणूस त्याच्यावर पाय ठेवणार नाही. उरलेलं आयुष्य खिडकीत बसून ठोके देईल, आणि समोर आरसा असेल, मी हट्टाने करून घेतलेला.

चूक कबूल करायची मला सवय नाही. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, एकदाही वेळ आली नव्हती. मी नळाशी गेले आणि ओळंब्याला विचारलं, "मिस्तरी, हे बिघडवता येईल का?"

त्याने पहिल्यांदा मान हलवली. वाटेशी आला, कडेला अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाला, अजून अर्धा तास आहे, पण रुंद झाडू लागेल, माझा ट्रकबरोबर गेला. मी परसातला खराटा आणला. तो म्हणाला, ह्याने नांगरट होईल. मग मी आत गेले आणि माझा बैठकीतला झाडू घेऊन आले. हातभर रुंद, लांब दांड्याचा, केस ना मऊ ना टणक. त्याला मी सूनबाईलासुद्धा हात लावू देत नाही. ती दारात उभी होती. झाडू बघून तिने तोंडावर पदर घेतला.

ओळंबा लाकडी रंधा, म्हणजे गवंड्याची मुठीची फळी, फिरवून चकाकी मोडत पुढे जाणार आणि मागून कोणीतरी झाडू ओढायचा. आडवा, एका दमात, न उचलता, आणि प्रत्येक वेळी धुवून. सून पाण्याची बादली घेऊन आली. थोरला म्हणाला, आई, मी ओढतो. म्हटलं, तू आयुष्यात स्वतःची खोली झाडली नाहीस, आणि आज वाट झाडणार?

तर मी ओढला. दारापासून सुरुवात केली. कडेला उभी राहून झाडू पलीकडे टेकवायचा आणि सरळ आपल्याकडे ओढायचा. मागे बारीक रेघांचा पट्टा उमटायचा, कंगव्याने विंचरल्यासारखा. पहिले दोन पट्टे थरथरले, मग हात बसला. ओळंबा मागे वळून म्हणाला, काकू, पुढच्या कामाला येता का? अर्ध्या वाटेवर मला राहवलं नाही. झाडू चालू असतानाच मान वर करून खिडकीकडे पाहिलं. हे बघत होते. तेवढ्यात हात वळला आणि एक फराटा वाकडा गेला, चांगला वाटीएवढा बाक. ओळंबा म्हणाला, पुसून देतो. ह्यांनी काठीचा एक ठोका दिला. म्हणजे थांब, राहू दे.

दुसऱ्या दिवशी ओळंब्याने मशीन आणून वाटेवर पाच आडव्या खाचा कापल्या. मी म्हटलं, चांगली वाट का चिरताय? तो म्हणाला, काँक्रीटला तडा जायचाच, मग आपण सांगू तिथेच जाऊ दे. ही युक्ती मला सासरी येताना माहीत हवी होती. मग वाटेवर गोणपाटं पसरून तो सांगून गेला, सात दिवस ओली ठेवा, महिनाभर गाडी आणू नका. मी नळी हातात घेऊन पहारा केला. गोणपाट कोरडं पडायच्या आत खिडकीतून काठी वाजायची, आणि कोणतं, तेही काठीच दाखवायची. पोस्टमनला मी कडेच्या मातीतून चालवलं. थोरल्याच्या डबड्याने महिना रस्त्यावर काढला.

आठव्या दिवशी गोणपाटं उचलली. हे दारात आले, नवा शर्ट घालून. मी मागे मागे चालले, हात न लावता. वॉकर पुढे, पाय मागे. वॉकरचे रबर रेघांवर घट्ट बसत होते. प्रत्येक खाचेशी हे थांबायचे, बस स्टॉपला थांबावी तसे. वाकड्या फराट्याशी जरा जास्तच थांबले. मी म्हटलं, काय बघताय? म्हणाले, हा थांबा आवडला. फाटकाशी पोचायला पाव तास लागला. तिथे पोचून त्यांनी वॉकर सोडला, फाटकाला टेकले, खिशातली किल्ली काढली आणि लोखंडावर वाजवली. दोन ठोके.

आता संध्याकाळी वाट मी झाडते आणि देखरेख हे करतात. खाचेत गवत उगवलं की काठी तिकडे, थोरल्याच्या गाडीने तेलाचा थेंब टाकला की काठी थोरल्याकडे. गाडीखाली आम्ही जुनी परात ठेवली आहे. परवा समोरची आली, आणि फाटकावर ह्यांच्याशी अर्धा तास बोलून झाल्यावर तिने हळूच विचारलं, मिस्तरीचा नंबर मिळेल का. नंबर दिला. झाडू मागितला, तो दिला नाही.