स्क्रीन बंद पडली की

आमच्या लेकीनं स्वतः यायच्याऐवजी गाडी पाठवली. हे माझं म्हणणं मी तिला तोंडावर ऐकवलेलं आहे, तेव्हा इथे सांगायला हरकत नाही.

तिला आम्ही भिंगरी म्हणतो. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून. फिरत फिरत समुद्रापलीकडे गेली, नोकरीला लागली आणि 'पुढच्या सुट्टीत नक्की' म्हणता म्हणता चार वर्षं काढली. मग एक दिवस शोरूममधून फोन आला, साहेबांच्या नावावर गाडी बुक झाली आहे, न्यायला कधी येताय?

आमच्या ह्यांना कुणी साहेब म्हटलं तर हे मागे वळून बघतात, की साहेब कुठे आहेत. जन्मभर ह्यांनी साहेबांच्याच गाड्या चालवल्या. लांबलचक, काळ्याभोर, दार लावलं तर आवाज न होणाऱ्या. भिंगरी लहान असताना एकदा अशाच एका गाडीत बसायचा हट्ट धरून रडली होती, आणि ह्यांनी तिला हातसुद्धा लावू दिला नव्हता. ''आपली नाही ती,'' एवढंच म्हणाले होते. पोरीनं ते बरोबर डोक्यात ठेवलं. आईबापांना भेटायचं असतं, तेवढं मात्र विसरली.

गाडी देखणी होती, खोटं कशाला बोलू? सीट इतकी मऊ, की आमच्या घरातला सोफा लाजावा. समोर या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती स्क्रीन. गाणी त्यात, नकाशा त्यात, मागचं दिसणं त्यात, थंड हवासुद्धा त्यातच. शोरूमच्या माणसानं ॲपसाठी ईमेल मागितला. आमच्याकडे कुठला ईमेल? ह्यांनी भिंगरीचाच दिला. ते ॲप काय करतं हे ना ह्यांनी विचारलं, ना मी.

पहिल्याच आठवड्यात स्क्रीन गेली. म्हणजे आधी रेडिओ आपोआप सुरू होऊन असा काही ओरडला, की शेजारच्या गाडीतल्या माणसानं आमच्याकडे बघून कानावर हात ठेवले. मग नकाशानं आम्हाला भर समुद्रात नेऊन ठेवलं. मग सगळं काळं. भर उन्हात सीट गरम व्हायला लागली आणि बंद कुठून करायची ते त्या काळ्या काचेत. मी घरी येईपर्यंत जवळजवळ उभ्यानंच बसले होते.

ह्यांना त्याचं काही वाटलं नाही. ''मान आहे ना वळवायला? मग कॅमेरा कशाला हवा?'' म्हणाले. पण मी गप्प बसणारी नव्हे. एवढी महागाची वस्तू आणि बूड भाजतं म्हणजे काय? मी ह्यांना घेऊन शोरूमला गेले. तिथे टाय लावलेला एक गोरागोमटा माणूस होता. तो प्रत्येक वाक्याच्या आधी सॉरी म्हणायचा, म्हणून मी त्याचं नाव सॉरीसाहेब ठेवलं. ''सॉरी मॅडम, सॉफ्टवेअरचा इश्यू आहे. सॉरी, नवीन अपडेट येईल. सॉरी, तोवर जरा चालवून घ्या.'' कॉफी मात्र चांगली होती. आम्ही दोन-दोन कप पिऊन हात हलवत परत आलो.

शेवटी मी भिंगरीला कळवलं, आणि तिथून गंमत सुरू झाली.

आता आमच्या घरातले रविवारचे फोन कसे असायचे ते सांगते. हे विचारायचे, ''बरी आहेस ना?'' ती म्हणायची, ''हो.'' ''जेवलीस?'' ''हो बाबा.'' ''बरं, आईला देतो.'' झालं. चार वर्षं बापलेकीचं संभाषण एवढंच. प्रेम नव्हतं असं नाही. ह्यांच्या तोंडातून कामाशिवाय शब्द निघत नाही. मागे बसलेल्या साहेबांनी विचारल्याशिवाय बोलायचं नाही, ही सवय अंगात मुरलेली.

पण स्क्रीन बिघडली आणि ह्यांना काम मिळालं. संध्याकाळी ती व्हिडिओ कॉल करायची आणि हे खाली पार्किंगमध्ये गाडीत बसायचे. ''बाबा, ते गोल बटण दाबून धरा. सोडू नका. आता स्क्रीनवर काय दिसतंय?'' ''एक चक्र फिरतंय.'' ''फिरू दे. वेळ लागेल त्याला.''

ते चक्र थांबता थांबत नसे, आणि तेवढ्या वेळात दोघं काय बोलायची, तर काहीही. तिच्या खोलीची खिडकी नीट लागत नाही. ह्यांचा गुडघा दुखतो. तिच्या ऑफिसातली एक बाई कशी सतत हिचा मग पळवते. मी चहा घेऊन खाली गेले की हे हातानं मला 'थांब' म्हणायचे, जणू काही मोठ्या साहेबांचा फोन चाललाय. एकदा मी ह्यांना हसताना ऐकलं. पार जिन्यापर्यंत आवाज येत होता. मी कप घेऊन तिथेच उभी राहिले, चहा पार गार झाला.

आणि मग सॉरीसाहेबांनी घोटाळा केला. त्यांनी गाडी बोलावून घेतली आणि आतला सगळा डबाच बदलून दिला. स्क्रीन लख्ख चालायला लागली. रेडिओ सांगेल तेवढाच बोलायला लागला. मी चार ठिकाणी कौतुक सांगून आले.

पुढच्या रविवारी फोन आला. ''बरी आहेस ना?'' ''हो.'' ''जेवलीस?'' ''हो बाबा. गाडी काय म्हणते?'' ''झाली नीट.'' मग, ''बरं, आईला देतो.'' फोन माझ्या हातात देताना ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला तेव्हा पहिल्यांदा त्या सॉरीसाहेबांचा खराखुरा राग आला.

तरी हे रोज संध्याकाळी खाली जायचेच. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून गाडीचं छत दिसतं आणि काचेतून ह्यांचा एक कोपर. गाडी सुरू करायची, स्क्रीन लावायची आणि बसायचं. मी काही विचारलं नाही. ड्रायव्हरचं निम्मं आयुष्य असं थांबण्यातच जातं. साहेब मीटिंगमध्ये, हे गाडीत. साहेब लग्नात, हे गाडीत. आणि मी घरात, ह्यांची वाट बघत. कधी येणार म्हणून विचारायची सोय नसायची, कारण ते ह्यांनाच माहीत नसायचं.

थोड्याच दिवसांत स्क्रीन पुन्हा बंद पडली. हे तरातरा वर आले. ''अगं, गेली बघ! भिंगरीला लाव फोन.'' चेहरा असा, की लॉटरी लागलीय. त्या संध्याकाळी दोघं पुष्कळ वेळ बोलली. स्क्रीन नीट झाली. पुन्हा आठवड्यानं गेली, पुन्हा नीट झाली. मी सॉरीसाहेबांच्या नावानं बोटं मोडत होते, तर धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशात मला नखाएवढा निळा प्लास्टिकचा तुकडा सापडला.

ड्रायव्हरची बायको आहे मी. फ्यूज मला कळतो. हे बॉनेट उघडून फ्यूज काढत होते, बोलणं झालं की गुपचूप परत बसवत होते. आणि नीट झाल्याचं श्रेय पोरीला देत होते! ज्या माणसानं उभ्या आयुष्यात गाडीच्या बाबतीत एक लबाडी केली नाही, त्यानं स्वतःच्याच गाडीत ही अशी चोरी करावी. हसावं की रडावं कळेना. मी तो फ्यूज ह्यांच्या चष्म्याशेजारी ठेवला आणि भाजी चिरायला बसले. थोड्या वेळानं बघितलं तर फ्यूज तिथे नव्हता.

पुढे एका दुपारी, हे झोपलेले असताना, भिंगरीचा फोन आला. एरवी ती दुपारी करत नाही.

''आई, बाबा गाडीचं काय करतात?''

''काय करतात म्हणजे?'' मी सावध झाले.

''अगं, माझ्या ईमेलवर आहे ना ते ॲप. गाडीला हात लागला की माझ्या फोनवर येतं. बॉनेट उघडलं, असं येतं. लगेच बाबांचा फोन येतो, स्क्रीन गेली म्हणून.''

मी कपाळावर हात मारला. ''म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं?''

''हो.''

''तरी तू त्यांना बटणं दाबायला लावत होतीस?''

''मग काय करू? स्क्रीन चालू असली की ते बोलतच नाहीत माझ्याशी.'' मग जरा थांबून म्हणाली, ''आणि आई, रोज संध्याकाळी येतं, गाडी सुरू. तासाभरानं येतं, बंद. मधे जागची हलत नाही. नुसते बसून काय करतात गं ते?''

मी इतक्या वर्षांत तिला खूप बोलले होते, रागावले होते, टोमणे मारले होते. त्या वेळी एकही सुचला नाही.

''काय करणार? ड्रायव्हर आहेत,'' मी म्हटलं. ''जिला न्यायचं ती येईपर्यंत गाडीत थांबायचं, एवढंच त्यांना येतं. मलाही आता वाट बघणं होत नाही गं. ये तू.''

फोन कट झाला असं वाटून मी दोनदा 'हॅलो' म्हटलं. मग ती एवढंच बोलली, ''ठेवते आई.''

नंतरचा रविवार तसाच गेला, दोन शब्दांत. मला वाटलं, मी उगाच बोलले, पोर दुखावली.

आणि परवा सकाळी हे खाली गाडी पुसायला गेले आणि घाईघाईनं वर आले. घाम फुटलेला.

''बिघडली,'' म्हणाले. ''शप्पथ, या वेळी मी काही केलेलं नाही.'' एवढं बोलून जीभ चावली. मी तिकडे दुर्लक्ष केलं. ''सुरू केली तर आपोआप नकाशा लागला. कुठलातरी रस्ता दाखवतेय. पुसला, तरी परत तोच. आणि भिंगरीला फोन लावतोय, तर तिचा फोन बंद! खरंच बिघडली तेव्हा नेमका बंद!''

मी ओल्या हातांनीच खाली धावले. स्क्रीन लख्ख होती. निळी रेघ आमच्या दारातून निघून शहराबाहेर गेली होती, आणि टोकाला लिहिलं होतं: विमानतळ, आगमन. खाली त्याच दिवसाची तारीख, संध्याकाळची वेळ. त्याखाली, 'भिंगरीच्या फोनवरून पाठवले.'

''अहो,'' मी म्हटलं, ''गाडी बिघडलेली नाही. तिचा फोन बंद आहे, कारण ती विमानात आहे.''

ह्यांनी ते पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून वाचलं, खरं तर ह्यांना चष्म्याशिवाय मुळीच दिसत नाही. फडकं घेतलं आणि आधीच पुसलेली काच पुन्हा पुसायला लागले.

''चल, बस,'' म्हणाले.

''आत्ता? संध्याकाळी येणार आहे ती!''

''ड्रायव्हरनं आधी जाऊन थांबायचं असतं.''

मी केससुद्धा नीट विंचरले नव्हते. पण बसले, ह्यांच्या शेजारी. पुलावर चढलो आणि रेडिओ एकदम किंचाळला, नकाशा समुद्रात गेला आणि स्क्रीन काळी ठिक्कर पडली. या वेळी खरीखुरी. ह्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

विमानतळाच्या पार्किंगमध्ये ह्यांनी गाडी अशी लावली, की बाहेर येणाऱ्याला ती आधी दिसावी. इंजिन बंद केलं आणि हात मांडीवर ठेवून बसले. मी ह्यांना वाट बघताना पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते. चार वर्षं मला वाटत होतं, लेकीची आठवण फक्त मलाच येते. मी हात पुढे केला. ह्यांनी तो धरला आणि विमानतळाच्या दाराकडे बघत राहिले.