आयरिश बाटल्यांशेजारचा पाना

मित्रांनो, मी एक जुना पाना आहे. गाडीची चाकं खोलणारा, हातभर लांब आणि चांगला वजनदार. जन्मतःच घणाचे घाव खाल्ले, म्हणून स्वभावाने तापट. चाकाचा नट हटून बसला की मला मनापासून आनंद व्हायचा. एक हिसका दिला की बेटा किंचाळत सुटायचा!

राजनने शारजाच्या बाजारातून जुनी गाडी घेतली, तिच्या डिकीत मी फुकटात आलो. वाळवंटातल्या रस्त्यावर त्याने माझ्या जोरावर कितीतरी अनोळखी लोकांची चाकं बदलून दिली. मग मला फडक्याने पुसून म्हणायचा, "बहाद्दर आहे हा!" मी फुशारून जायचो.

१९९९चा डिसेंबर होता. राजनच्या ऑफिसातले आयरिश साहेब, शॉन, नाताळला त्याच्या दुबईतल्या घरी जेवायला येणार होते. दुबईत दारू घ्यायला लायसन लागतं आणि राजनने ते आळसाने काढलंच नव्हतं. म्हणून शुक्रवारी दुपारी तो बायकोला, सुनेत्राला, घेऊन अजमानच्या एका दुकानात गेला. तिथे कोणी काही विचारत नसे. डिकी उघडून दोघं दारातच वाद घालत उभी राहिली.

"साहेबांच्या देशातली ती काळी बीअर घेऊ या," राजन म्हणाला.

"कडू मेली! व्हिस्की घे, मी आयरिश कॉफी करते. वर फेटलेली साय. आणि बायकांना ती क्रीमवाली गोड आयरिश दारू."

"शुअर ना? साहेबांसमोर पोपट नको व्हायला."

"यल्ला, चल, उचल आता."

दोन बाटल्या माझ्या शेजारी येऊन बसल्या.

परतीची वाट शारजातून जाते आणि तिथे दारू बाळगणं गुन्हा. हे ठाऊक असलेल्या आणि दुकानापासूनच मागे लागलेल्या दोन गुंडांनी मुद्दाम मागून गाडी ठोकली. राजन उतरताच एकाने त्याची कॉलर धरली. "पाकीट निकाल, हबीबी. नहीं तो पुलिस को फोन करूँ?" राजन नाही म्हणाला, तशी त्याच्या तोंडावर बुक्की बसली. नाकातून रक्ताची धार लागली. त्याने डिकी उघडून मला उचललं.

खरं सांगतो, मलाही तेच हवं होतं. पहिला घाव त्या गुंडाच्या गुडघ्यावर बसला. हाड कडकन मोडलं आणि तो कोसळला. राजनने दोन्ही हातांनी मला पुन्हा वर नेलं, या वेळी नेम डोक्याचा होता.

"राजन, खलास, बास कर! मरेल तो!" सुनेत्रा मध्ये पडली. मी खाली आलो तो तिच्या मनगटावर.

दुसऱ्याने आपल्या जोडीदाराला फरफटत गाडीत घातलं आणि पळ काढला. बाटल्यांना ओरखडासुद्धा नव्हता. खरं बोलावं तर बाटल्या निघणार, म्हणून सुनेत्राने डॉक्टरांना सांगितलं, "डिकीचं झाकण पडलं." राजनने मला बाल्कनीत वॉशिंग मशीनमागे भिरकावून दिलं.

नाताळच्या दिवशी मी तिथूनच सगळं ऐकत होतो. आयरिश कॉफी राजननेच केली. शॉनसाहेब खूश झाले. "परफेक्ट चॉइस! बट सुनेत्रा, युवर हँड?"

"डिकीचं झाकण..." तिने पुन्हा तेच सुरू केलं.

"नो, सर," राजनने तिला मध्येच थांबवलं. "आय हिट हर."

मित्रांनो, तिचं मनगट अजूनही पुरतं वळत नाही. मी गंजत पडलो आहे आणि मला फार वाईट वाटतं. मला तेल लावा, पुसून ठेवा, चाकं खोलायला जरूर बोलवा. पण डोक्यात राग असेल तेव्हा मला हात लावू नका. एकदा सुटलो की मला थांबता येत नाही.