लाथाडलेली परडी

कडा गावच्या गहिनीनाथचं खतांचं दुकान. विक्री चांगली झाली म्हणून खत कंपनीने त्याला बायको सुनितासकट बालीला पाठवलं. डेन्पासार शहराच्या सनूर भागात हॉटेल होतं. समोर संथ समुद्र, झाडांच्या सावलीतून गेलेली वाट, कुणालाच कसली घाई नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं किनाऱ्याने फिरत असताना एका दुकानासमोर, ऐन वाटेवर, पानांची छोटी परडी दिसली. आत फुलं, चिमूटभर भात आणि धुमसती उदबत्ती.

"उतारा हाय! लांब हो!" म्हणत त्याने सुनिताला मागे ओढलं आणि बुटाने परडी उडवली.

दुकानातून एक म्हातारी आली. वाळूतली फुलं वेचू लागली. मागून येणारा मराठी गाइड हळूच म्हणाला, "साहेब, दुकान उघडताना देवाला नैवेद्य ठेवतात हे लोक."

गहिनीनाथचे कान तापले. तो स्वतः रोज शटर वर केलं की उंबऱ्याला उदबत्ती ओवाळायचा. सुनिता केव्हाच म्हातारीशेजारी बसून शितं गोळा करत होती. तोही वाकला, पण म्हातारीने हसून त्याचा हात बाजूला केला आणि आतून नवी परडी आणली. ते हसणं त्याला शिवीपेक्षा जास्त लागलं.

"माफी मागा की," सुनिता म्हणाली.

भाषा येत नव्हती. त्याने हात जोडले, पण मान काही वर होईना.

गावी परतल्यावर घरी आलेल्या मित्रांनी विचारलं, "कसं हाय बे बाली?"

"लई भारी," परडीची गोष्ट गाळून तो म्हणाला. सुनिता आत निघून गेली.