रांगोळीतला ओला ठिपका

छबूबाईंच्या रांगोळीत रोज सकाळी एकच ठिपका ओला असायचा. चिंचोक्याएवढा, नेहमी त्याच जागी. वाळला की त्याच्या कडेला तांबूस वर्तुळ उरायचे.

मित्रांनो, तो ठिपका माझा होता; रात्री मी जिथे उभी असायचे, तिथेच सकाळी मला हलवून रांगोळी पडायची. काष्टीजवळच्या एका वस्तीवरच्या मुलांना शाळेत नेणारी मी व्हॅन, आता बरीच जुनी झालेली. भागवतरावांनी मला आणले तेव्हा वस्तीने माझ्यापुढे नारळ फोडला होता. माझे इंजिन पुढच्या सीटखाली आहे आणि त्याला लागून पाण्याचा पंप. इंजिन तापवते ते पाणी हा पंप रेडिएटरकडे ढकलतो. तिथे वाऱ्याने ते निवते. पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असते. आतले सील झिजले की तिथून थेंब पडू लागतो. पंपाला एवढाच इशारा देता येतो.

भागवतरावांच्या पत्नी छबूबाई मुलांना सांभाळायला रोज पुढे बसत. तो इशारा त्यांनाच आधी कळला.

"अहो, गाडी गळतीय. पंप बदला की."

"रांगोळी बिघडली म्हणून गाडी बिघडली व्हय?"

"थट्टा करू नका."

"अगं, गाडी दोन दिस उभी ऱ्हाईल. पोरं एकदा दुसऱ्या गाडीत बसली की परत येत्यात का?"

एका रविवारी ते माझ्याखाली शिरले आणि ते भोक त्यांनी, पत्र्याच्या भेगांत भरतात ती लांबी भरून बुजवून टाकले. दुसऱ्या दिवशी रांगोळी कोरडी होती. छबूबाईंनी खुशीत मोर काढला. आत मात्र कोंडलेले पाणी बेअरिंगमध्ये शिरले आणि तिथले ग्रीस धुऊन निघाले. मी बारीक शीळ घालू लागले. भागवतराव म्हणाले, "पट्टा वाजतोय."

मग पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा दिवस उजाडला. मुलांना घेऊन आम्ही श्रीगोंद्याला निघालो आणि उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे अडकलो. पुढे जायला वाट मिळेना. वेग नाही, म्हणून वारा नाही. तापमानाचा काटा वर सरकू लागला. इंजिनाची उष्णता कमी व्हावी म्हणून भागवतरावांनी भर उन्हात हीटर लावला. मुले परीक्षेच्या पॅडने वारा घेऊ लागली.

"काका, लई गरम होतंय," संस्कृती म्हणाली.

"सीट तव्यावानी तापलीय," छबूबाई हळूच म्हणाल्या. "थांबवा."

"आता थांबलो तर पेपर जाईल पोरांचा."

"अन् पुढं काय झालं तर?" त्यांनी मागे मुलांकडे पाहिले.

काटा लाल रेघेला टेकला. माझी शीळ आता किंचाळीसारखी येत होती. भागवतरावांनी मला बाभळीखाली घेतले. मुले बांधावर उतरली. भागवतराव फडके घेऊन रेडिएटरचे झाकण उघडायला धावले, तशी छबूबाईंनी त्यांची मनगटे धरली.

"निवू द्या आधी. सगळं उकळतं पाणी अंगावर येईल."

मागून वस्तीवरच्या छगनचा दुधाचा टेम्पो आला. छबूबाई रस्त्यात मधोमध उभ्या राहिल्या.

"चढा रं पोरांनो," छगन म्हणाला. "कॅनला धरा घट्ट. दूध सांडलं तर पेपर मी सोडवनार न्हाई."

टेम्पो गेला. भागवतराव हातातला मोबाईल खाली-वर करत राहिले. अखेर तो वाजला. "पोचली पोरं," छगन म्हणाला. "गेट लागायच्या आत."

मी निवल्यावर भागवतराव खाली वाकले. त्यांनी लांबी खरवडून काढली. गढूळ, तांबूस पाण्याची धार लागली. पट्टा फिरवतो ती पंपाची पुली त्यांनी हाताने हलवून पाहिली. दुखऱ्या दातासारखी ती हलत होती.

मित्रांनो, यंत्राला बोलता येत नाही. ते गळते, वाजते, तापते. तेवढीच त्याची भाषा. ती आवडली नाही तरी बुजवू नका.

भागवतराव उठले. हात पुसले. वस्तीवर येऊ पाहणाऱ्या दुसऱ्या व्हॅनवाल्याचा नंबर त्यांनी लावला. छबूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"हर्षल, उद्यापासून आमच्या वस्तीवरची पोरं तू ने," ते म्हणाले. "माझी गाडी उभी हाय. पंप बदलायचाय."